वरळीचा मनोरा आणि भांडुपची कौले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भांडुप येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी व्याख्यानाचा विषय आमच्यावरच सोपविला, तेव्हा ज्या कामात आमचे अर्धे आयुष्य गेले त्याविषयीच चार शब्द सांगावेत असे आम्ही ठरविले. आम्ही कोणी विद्वान नव्हे. दिवसा भांडुपच्या एका कारखान्यात विजेच्या जोडणीचे काम आणि संध्याकाळी रेडिओदुरुस्ती, एवढीच आमची मूळची विद्या. १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी आली आणि आमचे हात रेडिओवरून त्या नव्या पेटीकडे वळले. पुढील वीस वर्षांत भांडुप, नाहूर आणि कांजूर येथील कौलांवर व गच्च्यांवर आम्ही किती अँटेना उभारल्या याची गणती नाही. आमच्या पायांखाली फुटलेल्या कौलांबद्दल किती बोलणी खाल्ली, याचीही नाही.

तरुण मंडळी विचारतील की, आता या गोष्टीचे काय प्रयोजन? प्रश्न रास्त आहे. २०२१-२२ च्या सुमारास प्रसार भारतीने मनोऱ्यांवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण देशभर बहुतांशी बंद केले. कौलांवरच्या अँटेना त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेल्या होत्या. आज चित्र येते ते उपग्रहावरून, तारेतून किंवा हातातल्या फोनवर. तथापि वरळीचा मनोरा उभा आहे, आणि असे उच्चशक्ती केंद्र कोणत्या विचाराने उभे करतात हे समजून घेण्यात आजही लाभ आहे. त्या विचाराचा आपल्या मंडळापुढील एका प्रश्नाशी संबंध आहे. तो आम्ही शेवटी निवेदन करू.

प्रथम थोडा इतिहास. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ने २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. टेकडीवरची इमारत आणि तिच्यावर उभारलेली काठी, अशी तेथे उंची साधली होती. महायुद्धामुळे ते काम थांबले आणि १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण ते चित्र लंडन आणि आसपासच्या प्रदेशापुरतेच. इंग्लंडच्या मध्यभागातील कारखान्यांच्या गावांना ते मिळावे म्हणून बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड येथे १७ डिसेंबर १९४९ रोजी नवे केंद्र उघडले. त्याची काठी ७५० फूट उंच आणि चित्राचा प्रक्षेपक ३५ किलोवॅटचा. त्या वेळी जगात इतक्या शक्तीचे दूरचित्रवाणी केंद्र दुसरे नव्हते. आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी लहानशा प्रक्षेपकावर प्रायोगिक आरंभ झाला. दररोजचे प्रसारण १९६५ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या शहराची पाळी यावयास आरंभापासून तेरा वर्षे लागली. ते शहर मुंबई आणि दिवस २ ऑक्टोबर १९७२, गांधीजयंती. १९७३ मध्ये सिंहगडावरचे प्रक्षेपण सुरू होऊन पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. दूरदर्शन हे आकाशवाणीपासून वेगळे खाते झाले ते त्यानंतर, १ एप्रिल १९७६ रोजी.

आता मुख्य विषयाकडे येऊ. रेडिओचे केंद्र आणि दूरचित्रवाणीचे केंद्र यांत मूळचा भेद कोणता? कित्येकांचा समज असा की, रेडिओला चित्र जोडले की दूरचित्रवाणी झाली. वास्तविक पाहता चित्राची भूक फार मोठी आहे. आपल्या त्या जुन्या पद्धतीत एक चित्र ६२५ आडव्या रेघांत कापले जाई आणि सेकंदाला अशी २५ चित्रे पाठवावी लागत. म्हणजे दर सेकंदाला १५,६२५ रेघा. प्रत्येक रेघेवर उजेड किती आणि काळोख किती, याचा हिशेब सेकंदाच्या पंधरा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात पाठवावयाचा. मध्यमलहरीवरील रेडिओ केंद्रास नऊ-दहा किलोहर्ट्झची जागा पुरते. आपल्या दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीस सात मेगाहर्ट्झ लागत, म्हणजे सुमारे सातशेपट. रेडिओचा सबंध मध्यमलहरी पट्टा मोकळा करून दिला तरी त्यात एक चित्र मावत नाही.

म्हणून चित्राला फार वरच्या वारंवारतेवर, अतिशय आखूड लहरींवर जावे लागले. तेथे जागा मिळाली, पण एक सोय गेली. मध्यमलहरी जमिनीला धरून वाकत जातात, डोंगराआडच्या गावातही पोहोचतात. आखूड लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ जातात. मनोऱ्याला जे घर दिसते त्याच घराला मनोरा पाहतो. उच्चशक्ती केंद्राची सारी रचना या एका अडचणीतून निघाली आहे.

या ठिकाणी सामान्य माणूस म्हणेल, मग शक्ती वाढवा! आम्हीही तरुणपणी असेच म्हणत होतो. पण हिशेब निराळा आहे. प्रक्षेपकाची शक्ती दुप्पट केली तर दूरच्या घरी मिळणारा जोर दुप्पट होत नाही, तो सुमारे चौदा आण्यांचा वीस आणे होतो. शक्ती दसपट केली तरी जोर तिपटीहून थोडाच वाढतो. उलट मनोऱ्याची उंची दुप्पट केली तर, सपाट प्रदेशावर, त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातील दूरच्या घरी मिळणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. तेवढाच जोर नुसत्या शक्तीने मिळवू म्हटले तर ती चौपट करावी लागेल आणि विजेचे बिल दरमहा तसे येत राहील. पोलाद एकदाच विकत घ्यावयाचे असते. शिवाय क्षितिजापलीकडे शक्तीचा फारसा उपयोग नाही, आणि क्षितिज लांबविण्याचा मार्ग उंची हाच. सुमारे ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्याला हवेतील किंचित वाकणे धरून सुमारे ७० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश दिसतो. उंची चौथाई ठेवली असती तर टप्पा निम्मा झाला असता. यास्तव केंद्राचा अभियंता प्रथम नकाशावर शेवटचे घर शोधतो, तेथे किती जोर हवा ते ठरवितो आणि मग उलट चालत उंचीपर्यंत आणि शक्तीपर्यंत येतो.

पुण्याला ही उंची सह्याद्रीने फुकट दिली. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. तेथे माथ्यावर बेताची काठी उभारली तरी मुठेच्या खोऱ्यापासून पलीकडच्या पठारापर्यंतचा मुलूख नजरेत येतो. अडचण होती ती सामान वर नेण्याची, वीज नेण्याची आणि पावसाळ्यात माणसांनी तेथे राहण्याची. मुंबई बेटावर असा डोंगर नाही. वरळीला चित्रीकरणाचा विभाग आणि मनोरा एकाच आवारात असल्यामुळे कार्यक्रम केंद्रातून मनोऱ्यापर्यंत नेण्यासाठी वेगळी साखळी उभारावी लागत नाही. त्याची किंमत म्हणून उंची मात्र पोलादाने उभी करावी लागली. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस आणि ईशान्येस लांबवर पसरलेली उपनगरे आणि त्यांच्या मध्ये टेकड्या, अशी ती जागा आहे.

असा मनोरा उभारणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सांगाडा जाळीचा करतात, कारण भरीव भिंतीवर वारा सगळा जोर काढतो आणि जाळीतून निसटून जातो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्यामुळे नेहमीच्या वाऱ्यावर हिशेब चालत नाही, पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येईल असे वादळ धरावे लागते. घराच्या पायाने घराचे वजन पेलले की भागते. मनोऱ्याच्या पायाचे तसे नाही. वारा एका बाजूने ढकलतो तेव्हा पलीकडचा पाय जमिनीत दाबला जातो आणि अलीकडचा पाय वर उपटला जाऊ पाहतो. म्हणून पायाला मनोरा पेलावाही लागतो आणि धरूनही ठेवावा लागतो. खारे वारे लोखंड खातात, म्हणून प्रत्येक कोन आणि प्रत्येक बोल्ट जस्ताचा मुलामा देऊन आणावा लागतो. जोडणारे कामगार वर चढतात आणि आपण बसविलेल्या भागावर उभे राहून पुढचा भाग बसवितात. विमानांसाठी तांबडे दिवे, विजेसाठी जमिनीत खोल पुरलेले तांबे, हे सारे त्याच हिशेबात येते.

खालच्या इमारतीत प्रक्षेपक असतो. आपल्याकडे उच्चशक्ती केंद्रात दहा किलोवॅटचा प्रक्षेपक नेहमीचा असे. चित्राचा आणि ध्वनीचा असे वास्तविक दोन प्रक्षेपक असत. त्यांच्या लहरी एका जोडयंत्रात एकत्र आणून एकाच अँटेनाला देत. जुन्या प्रक्षेपकांत मोठ्या निर्वात नळ्या असत आणि घेतलेल्या विजेपैकी बराच भाग उष्णतेत जाई. ती उष्णता हवेने किंवा पाण्याने सतत बाहेर काढावी लागे. पंखा थांबला तर यंत्र आपोआप बंद व्हावे अशी कडी घातलेली असे. वीज गेली तर डिझेलचे जनित्र तयार ठेवावे लागे, कारण मध्येच काळा झालेला पडदा एका घरात नव्हे, लाखो घरांत काळा होतो.

प्रक्षेपकापासून माथ्यापर्यंत तांब्याची पोकळ नळी जाते; नळीच्या आत दुसरी नळी. हिच्यात दमट हवा शिरू नये म्हणून कोरडी हवा दाबाने भरून ठेवतात. उन्हात तांबे आणि पोलाद सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे तिला सरकण्यास वाव ठेवावा लागतो. या नळीविषयी एक गोष्ट आम्ही शिकलो ती आयुष्यभर लक्षात राहिली. माथ्यावरचा एखादा सांधा नीट जुळला नसेल तर लहरीचा थोडा भाग तेथून परत फिरतो, तीनशे मीटर खाली येतो, पुन्हा वर जातो आणि मग बाहेर पडतो. हा सहाशे मीटरचा फेरा म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाचे दोन भाग. एवढ्याशा उशिराने पडद्यावर मूळ आकृतीच्या उजव्या बाजूस सुमारे दोन सेंटीमीटरवर तिची फिकट सावली उमटते. पाहणाऱ्याच्या घरातील दोष त्याच्या घरापुरता राहतो. केंद्रातील एका सांध्याचा दोष मात्र प्रत्येकाच्या भिंतीवर जाऊन बसतो.

माथ्यावरच्या अँटेनाविषयीही एक मौज सांगतो. लहरी आकाशात उधळून उपयोग नाही, तेथे कोणी पाहत नाही. म्हणून अँटेनाचे थर एकावर एक रचून लहरी चपट्या करतात आणि क्षितिजाकडे पाठवितात. असे केल्याने दहा किलोवॅटचे काम कित्येक पटींनी मोठे होते. पण फार चपट्या केल्या तर त्या जवळच्या घरांच्या डोक्यावरून निघून जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! मनोऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला धड चित्र नाही, असे होऊ नये म्हणून अभियंते अँटेनाची मान किंचित खाली झुकवितात आणि थरांना वीज कमीअधिक वाटून देतात. दूर पाहताना पायथा विसरू नये, ही योजना आकृती काढतानाच करावी लागते. मनोरा उभा राहिल्यावर ती करणे जड जाते.

एवढे सारे करून लहर निघाली ती आमच्या भांडुपला कशी येई? वरळी ते भांडुप सरळ रेषेत सुमारे एकोणीस किलोमीटर. कागदावर पाहिले तर सत्तर किलोमीटरच्या टप्प्यात आम्ही अगदी सुखात. पण भांडुपची जागा आपणांस ठाऊक आहे. पूर्वेस मिठागरे आणि खाडी, पश्चिमेस विहार-तुळशीकडचा डोंगर, आणि वरळीच्या बाजूस घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांचा आडोसा. मिठागरांच्या बाजूला चित्र स्वच्छ. लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून कोकणनगर, टेंभीपाडा असे डोंगराकडे चढू लागलो की चित्राची प्रकृती बिघडे. जोर कमी पडला की पडद्यावर मुंग्या चालत. आणि डोंगरावर आपटून येणाऱ्या लहरींची भुते दिसत. वार्ताहराला दोन नाके आणि गायिकेला दोन अंबाडे.

त्या भुतांनीच आम्हांस हिशेब शिकविला. लहर एका दशलक्षांश सेकंदात ३०० मीटर जाते आणि तेवढ्या वेळात मोठ्या पडद्यावर रेघ जवळजवळ एक सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणजे भूत मूळ चित्रापासून तीन सेंटीमीटरवर असेल तर ती लहर सुमारे नऊशे मीटरचा वळसा घेऊन आली. फूटपट्टी काचेला लावावी आणि कोणता उतार दोषी ते सांगावे! मुंबईचे प्रक्षेपण चार क्रमांकाच्या वाहिनीवर होते. लहर लांब, त्यामुळे अँटेनाची मुख्य नळी साडेसात फुटांच्या आसपास असे. ती कावळ्यांना फार प्रिय होती. ती नळी वरळीकडे रोखली म्हणजे काम झाले असे नवशिके समजत. पण अँटेनाला दोन्ही बगलांना ऐकू कमी येते. म्हणून डोंगर नेमका त्या बहिऱ्या बगलेवर येईल इतकी ती फिरवावी. वरळीचा जोर थोडा घटला तरी चालेल, भूत गेले पाहिजे. एक माणूस कौलांवर, एक खिडकीत, एक पडद्यासमोर, आणि "आलं... गेलं... परत घ्या... थांबा, थांबा!" असा पुकारा, हे दृश्य येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

आता आम्ही एक घरची गोष्ट सांगणार आहोत. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्याशिवाय आमचे व्याख्यान पुरे होत नाही.

१९७५ साली आपल्या मंडळाने वर्गणी काढून एक काळापांढरा संच विकत घेतला. मंडळाचे हे सभागृह तेव्हा नव्हते. टेंभीपाड्याच्या वाटेवर कौलारू खोली होती. पोस्टात जाऊन मंडळाच्या नावाने परवाना काढला. तो परवाना त्या वेळी आवश्यक असे. १९८५ मध्ये ती पद्धत गेली. संध्याकाळी 'आमची माती, आमची माणसं' लागले की गावाकडची वडील माणसे पुढे सरकून बसत. 'गजरा' असला की खोलीत पाय ठेवावयास जागा नसे. थोड्याच दिवसांत आजूबाजूच्या चाळींतील मुले खिडकीशी जमू लागली. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. कार्यकारिणीत चर्चा झाली की, वर्गणी आपली, परवाना आपला, आणि गर्दीमुळे आपल्याच मुलांना दिसत नाही. यावर खिडकीची झडप लावून घ्यावी असे ठरले. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे, कार्यकारिणीचे सर्वांत तरुण सभासद. त्या ठरावाला आमचाही हात वर होता, आणि झडपेला आतून कडी घातली ती आम्हीच.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, ऐन श्रावणात, मराठी चित्रपटाच्या संध्याकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या. खोली भरलेली. आम्ही बाहेर येऊन पाहिले तो अँटेना वाऱ्याने फिरून भलतीकडे तोंड करून उभी. ती अँटेना आपल्या खोलीवर नव्हती. आपली खोली खड्ड्यात. तेथे चित्र धरत नसे. म्हणून आम्हीच सहा महिन्यांपूर्वी ती शेजारच्या दुमजली घराच्या कौलांवर बसविली होती, घरमालकांना तोंडी विचारून. आणि ज्या मुलांवर आम्ही झडप लावली त्यांतली दोन त्याच घरची नातवंडे होती.

आम्ही पावसात त्यांच्या दारी गेलो. म्हटले, "काका, जरा वर चढावं लागेल. शिडी मिळेल का?"

ते म्हणाले, "घ्या की. पण कौलं ओली आहेत, जपून चढा." आणि स्वतः छत्री बाजूला ठेवून त्यांनी शिडीचा पाय धरला. झडपेचा शब्द त्यांनी काढला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

वर चढल्यावर अँटेना फिरवावयास दोन मिनिटे लागली. परंतु आम्ही तेथे थोडे अधिक थांबलो. वरळीहून निघालेली लहर त्या काकांच्या कौलांवर पडत होती, आमच्या कौलांवर पडत होती आणि डोंगरापर्यंतच्या प्रत्येक चाळीवर सारखीच पडत होती. शेवटच्या घराचा हिशेब करताना कोणत्याही अभियंत्याने ते घर कोणाचे हे विचारले नव्हते. तीनशे मीटरचे पोलाद, तांब्याची नळी, दिवसरात्र चालणारी यंत्रे, एवढा खटाटोप करून सार्वजनिक खर्चाने जी वस्तू प्रत्येक दारापर्यंत आणली होती, ती शेवटच्या चार हातांवर आम्ही दीड रुपयाच्या कडीने अडविली होती. आणि तीही दुसऱ्याच्या उंचीवर उभे राहून.

खाली उतरल्यावर आम्ही झडप उघडली. त्या वेळच्या अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत मुलांसाठी पुढे सतरंजी घालावी आणि मोठ्यांनी मागे बसावे असे ठरले; तेव्हा सर्वांना दिसू लागले. गर्दीची अडचण होती ती मुळात बसण्याच्या व्यवस्थेची होती, असे ध्यानात आले.

काळ पुढे गेला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत थेट चित्र पोहोचविण्याचा प्रयोग झाला. १९८२ मध्ये रंग आले. १९८४ मध्ये काही महिने सरासरी रोज एक या वेगाने देशात नवे प्रक्षेपक उभे राहिले; त्यांतील बहुसंख्य लहान शक्तीचे होते, उपग्रहावरून कार्यक्रम घ्यावयाचा आणि एका गावापुरता वाटावयाचा. मोठ्या मनोऱ्याला जे घर दिसत नव्हते ते अशा रीतीने गाठले गेले. साधने बदलली, पण शेवटच्या घरावरून मागे हिशेब करण्याची रीत बदलली नाही. आमचा धंदा मात्र त्यात बुडाला, त्याचे आम्हांस दुःख नाही.

बंधुभगिनींनो, आता आमच्या निवेदनाकडे येतो. आज दुपारी सर्वसाधारण सभेपुढे अभ्यासिकेच्या नियमांचा विषय आहे. आपली अभ्यासिका चांगली आहे. तीस खुर्च्या आहेत, पंखे आहेत, संगणक आहेत, पुस्तके आहेत. परीक्षेच्या दिवसांत ती भरते. एरवी सकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. आणि त्याच वेळी डोंगराच्या उतारावरील दहा बाय दहाच्या खोल्यांतून शिकणारी मुले जिन्यावर बसून अभ्यास करतात, हे आपण येता-जाता पाहतो. नियमात "फक्त ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी" असे शब्द आहेत. ते शब्द काढावेत आणि प्रवेश गरजेवर व शिस्तीवर द्यावा, अशी आमची सूचना आहे.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते आम्ही हलके मानीत नाही. वर्गणी आपल्या आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन दिली. ती ज्ञातीच्या मुलांसाठी दिली. आपल्यातही गरीब घरे आहेत. त्यांना जागा मिळाली नाही तर काय? आमचे उत्तर असे की, परीक्षेच्या तीन महिन्यांत आपल्या गरजू मुलांच्या जागा राखून ठेवाव्यात, आणि उरलेल्या वेळात खुर्ची रिकामी राहू देऊ नये. मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांवर अंधार पडू नये याची काळजी अभियंते आधीच घेतात, हे आम्ही सांगितलेच. तशी काळजी आपणही घ्यावी. पण जवळच्यांची काळजी हे दूरच्यांची झडप लावण्याचे कारण होऊ नये. आजोबांनी वर्गणी दिली ती आपण खाली राहू नये, वर यावे म्हणून. वर आलेल्याने शिडी ओढून घ्यावी असे त्यांच्या मनात असेल, असे आम्हांस वाटत नाही.

ज्यांनी आमच्यासाठी शिडीचा पाय धरला ते काका आता नाहीत. त्यांची पणती यंदा बारावीला आहे. तिने अभ्यासिकेसाठी अर्ज केला होता. नियमावर बोट ठेवून तो परत गेला. तो अर्ज परत करणाऱ्यांचा दोष नाही, नियम आपण सर्वांनी केला आहे. तो बदलणेही आपल्याच हाती आहे, आणि त्यासाठी आजची दुपार पुरेशी आहे.

 दुपारच्या सभेत हात वर करताना प्रत्येकाने आपापल्या बुद्धीप्रमाणे करावा. आमचा हात या वेळी कोणत्या बाजूला असेल ते आम्ही सांगितले आहे. अध्यक्षमहाशयांची अनुज्ञा घेऊन आम्ही येथेच थांबतो.